सकाळचा पहिला बेडका

३ फेब्रुवारी

चि. बुटकीस अ. आ. वि. वि.

तुझ्या बाटल्या पोचल्या. दुसऱ्यांच्या बहिणी स्वेटर धाडतात, माझी बहीण रिकाम्या बाटल्या धाडून त्यात थुंका म्हणते, यावरून कारखान्यात हसून मुरकुंडी वळली. मग तू सांगितलंस तसं सगळ्यांना समजावलं: छातीतला पातळ चिकटा लाकडाचा भुसा धरतो, आतली बारीक केसांची झाडणी तो वर लोटते, चिकटा घट्ट झाला की झाडणी अडते आणि दम लागायला लागतो. आपला जाड्या सुतार म्हणाला, मालक, मग आमच्या छातीत सरसच शिजत असणार.

बाटल्यांवर फक्त आकडे घातलेत. कुठली कोणाची हे तुला कळू नये, ही तुझी अट पाळली. एक मीही भरली. खोकला आहे, पण तो आता घरचाच झालाय.

फोनवर तू वाक्यांचे शेवटचे शब्द गिळत होतीस. काय ते लिही.

लोभ आहे तेवढाच ठेव. वाढला की तू प्रश्न विचारायला लागतेस.

दादा

१९ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझ्या कानांपुढे काही लपत नाही. दमलेय रे. वर्षभर घट्ट पिवळा कफ बघून आता सूक्ष्मदर्शकावरून मान उचलली की भिंतसुद्धा चिकट दिसते. आमच्या प्रयोगशाळेच्या बाई विचारतात, नवीन काय? मी म्हणते, घट्ट आहे. त्या विचारतात, किती घट्ट?

पण तुझ्याकडची सात नंबरची बाटली! पाण्यासारखी मोकळी. त्याच भुशात राबून ही एक छाती स्वच्छ कशी राहिली, हे उलगडलं तर औषधाची वाट सापडेल. बाई पहिल्यांदाच खुर्चीत सरसावून बसल्या. त्या माणसाला सांग, सोन्याची छाती आहे. नाव मात्र मला कळवू नकोस.

तुझी बाटली घट्टवाल्यांतच असणार. डॉक्टरकडे जा. वहिनीला नमस्कार. माया असू दे, आणि कानांना जरा विश्रांती दे.

तुझी बुटकी

२६ फेब्रुवारी

चि. बुटकीस अ. आ.

सात नंबर मीच! अट मोडली, रागव हवं तर. तुझं पत्र वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं आणि तिने घेतलेली डॉक्टरची वेळ रद्द करायला लावली. दारांचं मोठं काम आलंय. घासायच्या मशीनवर मीच उभा राहणार, आता भीती कसली? वहिनी कपडे वाळत घालायला गेली. एकेक कपडा असा झटकत होती, की मला शेडमध्ये ऐकू आलं.

दादा

२ मार्च

चि. बुटकीस वहिनीचे आशीर्वाद.

ह्यांना न सांगता लिहितेय. बाटली भरली त्या दिवशी ह्यांनी सकाळचा पहिला बेडका मोरीत टाकला, दात घासले, गुळण्या केल्या, आणि मग तोंडात जे आलं ते बाटलीत. मी म्हटलं, तिने पहिलाच मागितलाय. तर म्हणाले, धाकट्या बहिणीच्या हातात घाण द्यायची का? तुला कधी उष्टा कप न दिलेला माणूस, हे कुठलं देतोय!

हल्ली जिन्यात मध्येच थांबतात. मी बघतेय असं दिसलं की कठडा हलवून तपासतात. तो कठडा मुळीच ढिला नाही गं.

तुझं ऐकतील. सांभाळून राहा.

वहिनी

९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

सात नंबर पुन्हा तपासला. नुसत्या गालाच्या पेशी. ती थुंकी होती, छातीतलं त्यात काहीच नव्हतं. हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं, पण इतकं दमल्यावर काही चांगलं दिसलं, की माणूस पुढे बघायचं सोडून देतो. बाईंना सांगितलं. त्या हं म्हणाल्या आणि मागे टेकल्या.

वहिनीवर चिडू नकोस. उद्याच डॉक्टरकडे जा, आणि तिथे तोंड धुवून सभ्य होऊ नकोस. मी दिवसभर परक्यांचा कफ हाताळते. माझ्याच माणसाचा तेवढा मला घाण वाटेल का रे?

सुट्टी मागितली आहे. तू म्हणशील तर येते.

बुटकी

२० मार्च

चि. बुटकीस अ. आ. वि. वि.

गेलो होतो. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं. चूल पेटवावी तसा जीव खाऊन फुंकलो, तर म्हणाले, हं, आता सुरू करा. मी म्हटलं, झालं की! गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा, असं त्यांचं म्हणणं. फवारा दिलाय. दारांचं अर्धं काम परत केलं. भुसा ओढणारा पाइप बसेपर्यंत मशीन बंद आहे. वहिनी माझ्याशी बोलत नाही, पण फवारा मात्र वेळच्या वेळी समोर आणून आपटते. तुझं काम मी नासवलं, ते मनातून जात नाही.

काल बंद शेडमध्ये एकटाच बसलो होतो. कुठूनतरी बारीक शिट्टी येत होती. खिडकी लावली, दार लावलं, तरी येतच राहिली. मग जरा श्वास धरला, तर थांबली.

सुट्टी मिळाली असेल तर ये.

दादा