शेवटचा फर्मा

मंगळवार, ९ मार्च, संध्याकाळ

ताई,

दोरा अर्धा ओवून सुई उशीत खोचली आहे आणि हे लिहायला घेतलं आहे. आतून तो ओरडतो आहे, "सापडला का गं?" मी "बघते" म्हणते. चार दिवस हेच चाललं आहे.

तू बरी असशील. गुडघ्यांचं कानावर आलं. अठरा वर्षांनी पत्र पाठवते आहे म्हणजे काही विपरीत घडलं असं समजू नकोस. नवरा ट्रकच्या फाळक्यावरून उतरताना पडला, पायाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर, एवढंच. (मी त्याला अरे-तुरे करते हे तुला तेव्हाही खटकायचं. सवय गेली नाही.)

मी अजून ग्रंथालयातच. फाटकी पुस्तकं दुरुस्त करते. काम साचलं की घरी आणते. पुस्तक आधी उसवायचं, सोळा-सोळा पानांच्या घड्या वेगळ्या करायच्या, त्यांना आम्ही फर्मे म्हणतो, आणि मग एकेक फर्मा नव्याने शिवत जायचं. खाटेवर पडून कंटाळलेल्या माणसाने त्यातला एक उचलला. सहावीनंतर ज्याने मैलाच्या दगडांखेरीज काही वाचलं नाही, त्याने.

कादंबरी आहे. रस्त्याची मोजणी करायला डोंगरात आलेला जाड चष्म्याचा एक कारकून आणि खिंडीतून चोरटा माल नेणारी एक खेचरवाली. तो तिला पकडून द्यायला निघतो, दरीत पडतो, ती त्याला खेचरावर बांधून वर आणते. तिला सही येत नाही, त्याला पोहता येत नाही. पानापानाला भांडतात. तू नाक मुरडशील. मीही मुरडलं होतं.

तो ओळीवर बोट ठेवून वाचतो. ओठ हलतात. मी फर्मा शिवायला मागितला की म्हणतो, "थांब गं, ती पुलावर आहे." जेवताना म्हणतो, "काय बाई आहे! उतारावर खेचरं सोडली तिने. ब्रेक नाही, काही नाही." गेल्या बुधवारी मी स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढत होते, भिंतीला धरून.

"तुला आठवडाभर तिच्याबरोबर पाठवायला हवं," तो म्हणाला.

"तिला धुणं नाही."

"अगं, गंमत केली."

"तिला प्लास्टर घातलेला नवराही नाही."

तो हसला. माझ्याकडे बघून नव्हे, हातातल्या पानांकडे बघून.

हसायचं तर हस, ताई. कागदी बाईचा मत्सर. शेजारीण असती तर निदान तिच्या दातांना, चालण्याला, कशाला तरी नावं ठेवता आली असती. हिला साधी सर्दी होत नाही.

शुक्रवारी शेवटून दुसरा फर्मा त्याने संपवला. दोघं खिंडीच्या तोंडाशी, मागे शिपाई. त्याने हात पुढे केला, "दे." मी म्हटलं, शेवटचा नाहीच आहे. लायब्ररीतच गळाला असेल, घरातही बघते.

खोटं. कापडाच्या तुकड्यांखाली ठेवला होता.

तेव्हापासून तो शेवट रचतो आहे. पूल जाळतो, शिपायांना फितवतो. काल कारकुनाला मारूनच टाकलं. तिला मात्र कधी मारत नाही.

आज दुपारी त्याने ग्रंथपाल बाईंना फोन लावला. पुस्तक दिलं तेव्हा पूर्ण होतं, पानं मोजली होती, असं त्या म्हणाल्या असाव्यात. कारण तो एकदम चढ्या आवाजात म्हणाला, "तुमच्याकडेच राहिलीयत पानं. माझ्या बायकोच्या हातून आजवर एक पान गेलेलं नाही. उगाच तिच्यावर ढकलू नका." फोन आपटला. मला हाक मारली आणि म्हणाला, "तू मनाला लावून घेऊ नकोस."

मी तो फर्मा वाचला आहे. दोघं खिंड ओलांडतात. पलीकडे उजाडत असतं. ती म्हणते, "आता?" तो म्हणतो, "आता काय!" संपलं. लेखक तिथेच थांबला. शहाणा आहे. पुढचं मी लिहू शकते.

तू म्हणाली होतीस, बी.ए.ला पहिली आलेली मुलगी आणि ट्रक ड्रायव्हर, वर्षभर टिकलं तरी खूप. टिकलं. तुझं चुकलं हे कळवायला इतकी वर्षं थांबले, आणि कळवायला बसले तर हे लिहिते आहे.

तुला एक माहीत नाही. त्या पहाटे आम्ही पळून निघालो, मी मागे सिमेंटच्या गोण्यांआड. नाक्यावर पोलिसांनी ट्रक अडवला. त्याची बोबडी वळली. मी गोण्यांवरून खाली उडी मारली आणि त्या दोघा हवालदारांशी मीच बोलले. इतकं बोलले की त्यांनी स्वतः फाटक उघडलं.

शुक्रवारी सकाळी मी त्याला विचारलं, आठवतं का. तो म्हणाला, "पोलीस? कुठले पोलीस?" खेचरवालीचा पूल मात्र त्याला दोरखंडासकट पाठ आहे.

फर्मा मी त्यानंतर लपवला.

उद्या पुस्तक परत द्यायचं आहे. गुपचूप शिवून "सापडला" म्हणता येईल. पण माझ्यासाठी तो बाईंशी भांडून बसला आहे. खरं सांगितलं तर "का" तेही सांगावं लागेल, आणि ते मला त्याच्यासमोर बोलवणार नाही. तुला लिहिता आलं. मला अडवायला दारात तू उभी होतीस. तेव्हा मी कशी होते ते पाहिलेलं दुसरं कुणी उरलेलं नाही. उत्तर पाठवलंस तर बाकी काही लिहू नकोस, त्या दिवशी मी कशी दिसत होते तेवढं लिही.

तुला बाजूला सारून गेलेली,
तुझी धाकटी

बुधवार, सकाळ

चहाबरोबर फर्मा त्याच्या हातात दिला. "माझ्याकडेच होता. मी लपवला होता," म्हटलं. त्याने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. का, ते विचारलं नाही. फोन जवळ ओढून ग्रंथपाल बाईंना म्हणाला, "बाई, पानं मिळाली. माझ्या गादीखाली गेली होती. माझीच चूक. काल जास्त बोललो." मग घडी उघडली, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मला म्हणाला, "जाताना दार लोटून घे."

दार लोटून, पुस्तक न घेताच मी कामावर आले.