नदीपलीकडची अंत्ययात्रा

ती. आई,
तुझ्या गेर्लिंडेचा नमस्कार. मी बरी आहे, दूध डेअरीतलं काम टिकून आहे, जेवतेही वेळेवर.

बाबा गेल्याची तार मिळाली, पण सीमा ओलांडायची परवानगी मिळाली नाही. म्हणून नदीच्या अलीकडच्या टेकडीवर जाऊन उभी राहिले. काटेरी कुंपणापलीकडे आपलं गाव स्पष्ट दिसत होतं. चर्चचा मनोरा, लढाईत जळलेली पाणगिरणी, सगळं तसंच. शवपेटी गिरणीपाशी थांबली. खांदेकरी दमले होते का गं?

घरमालकीण बेरिंगबाई सोबत होत्या. "रड गं पोरी, मोकळी हो," म्हणाल्या. मला रडूच येईना. बोटं गार पडली होती, एवढंच आठवतं.

माती देऊन सगळे परतले. तू एकटीच वळलीस आणि डोक्यावरचा काळा रुमाल सोडून टेकडीकडे उंच धरलास. पहारेकऱ्यांदेखत असं करू नये, आई. पुन्हा करू नकोस.

मी दिसले का तुला?

तुझीच,
गेर्लिंडे