पेटीवरची खूण

बुधवार, दुपारची सुट्टी

दादा,

नमस्कार. पत्राला सुरुवात लागते म्हणून नमस्कार, मनातून आलेला नाही. तू बरा असशीलच. मीही बरा आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद.

सध्या बंदरावर माल चढवतोय. इथं एक मांजर आहे, एका डोळ्याचं. माझ्या डब्यावर हक्क सांगतं आणि खाऊन झालं की ओळख दाखवत नाही. तुझी आठवण येते.

परवा बाबांशी बोललो. नदीपलीकडच्या फाउंड्रीवाल्यानं त्यांच्यासाठी जागा धरून ठेवलीय, पुढच्या शनिवारपर्यंतच. बाबा नको म्हणाले. "थोरला म्हणतोय नवी भट्टी येतेय. मग मी दुसऱ्याच्या दारात कशाला जाऊ?" रोज सकाळी बूट पुसून आपल्या बंद कारखान्याच्या फाटकाशी जाऊन बसतात म्हणे. रखवालदार खुर्ची देतो.

ती सभा आठवते ना? पोलादात गुंतवणूक व्हावी म्हणून सरकार नव्या भट्टीचा अर्धा खर्च उचलणार, असं मंत्री म्हणाले. टाळ्या. मंत्र्यांनी हेल्मेट उलटं घातलं होतं. मी हसलो तर तू डोळे वटारलेस. जुनी भट्टी विझवायला गडी तयार नव्हते. एकदा विझली की पोटातलं लोखंड गोठतं आणि ती गेलीच, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. बाबांनी त्यांची समजूत काढली. का? तर साहेब झालेल्या थोरल्यानं नव्या भट्टीचा शब्द दिला होता.

असो. मांजराचं सांगत होतो. नाही, पेट्यांचं.

सोमवारी मोठाल्या लाकडी पेट्या आल्या. जाणार परदेशी, आपल्याच मालकाच्या दुसऱ्या कारखान्याला. एका पेटीच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाची खूण. दोन आडव्या रेघा, खाली ठिपका. बाबा तपासलेल्या प्रत्येक नगावर काढायचे, तीच. आपल्याला त्यांनीच शिकवली. तुझा ठिपका डावीकडे सरकायचा. अजूनही सरकतो.

मी तिथंच हात ठेवून उभा राहिलो. क्रेनवाला वरून ओरडला, "काय रे, घरचं सामान आहे का, एवढं कुरवाळतोयस?"

"हो," म्हटलं, "घरचंच."

मुकादमाला विचारलं, आत काय आहे? "भट्टी, सुटे भाग करून. कोरी करकरीत. एकदाही पेटवलेली नाही."

सरकारी पैशाची भट्टी तू स्वतः तपासून बाहेर रवाना केलीस आणि बापाला फाटकाशी बसवलंस. वर लबाडी करतानाही सवयीनं त्यांचीच खूण काढलीस. अरे, निदान तेवढी तरी काढायची नव्हतीस!

मी सांगितलं तर ते मानणार नाहीत. उनाडाचं कोण ऐकतं? तूच सांग. जागा जायच्या आत.

खुणेची फळी मी उचकटून घेतली, तिथं दुसरी ठोकली. ती माझ्या बिछान्याखाली आहे. पुढच्या शुक्रवारी बाबांना फोन करून विचारेन, दादा काही बोलला का? "नाही" म्हणाले तर लगेच गाडी पकडतो. शनिवारी सकाळी त्यांच्या खुर्चीसमोर फळी ठेवेन. मला तोंड उघडावं लागणार नाही. ठिपका कुणाचा डावीकडे जातो, ते त्यांना माहीत आहे.

आशीर्वाद मागत नाही.

बाबांचा धाकटा