दारामागचा होकार

नागरा, ता. २३ नोव्हेंबर १९३६

चि. सौ. सुलोचनाबाईस थोरला भाऊ दुधराम याचे आशीर्वाद. वि. वि.

रुख्माचे लग्न आमगावच्या केवलरामशी ठरले. शब्द दिला, कुंकूही लागले. तुझ्या श्यामलालसाठी मी दसऱ्याला स्वतः बिरसीला येऊन विचारले, तेव्हा तू पदर ओढून आत निघून गेलीस. निघताना गाडीपर्यंतही आली नाहीस. मग निरोप धाडलास, धान कापून झाल्यावर पाहू. माझी पोर नको होती तर तसे तोंडावर म्हणायचे होतेस.

लोभ उरला असेल तेवढा ठेव.

दुधराम

बिरसी, ता. २९ नोव्हेंबर १९३६

ती. दुधरामभाऊस सुलोचनाचा नमस्कार. वि. वि.

भाऊ, तू माझ्या भासऱ्यांच्या पुढ्यात विचारलेस. थोरल्या दिरासमोर मी या घरात बावीस वर्षांत एक शब्द बोललेली नाही. दारामागून होकाराची मान हलवली, ती तू पाहिलीच नाहीस. आणि धानाचा निरोप म्हणजे, कापणी उरकली की लुगडे घेऊन मागणीला येतो, असा होता. उलटून एकदा विचारायचे तरी. काऊन एवढी घाई केलीस? रुख्मासाठी घेतलेले लुगडे आता बघवत नाही. पत्र श्यामलालच लिहून राहिला, म्हणून जास्त सांगता येत नाही.

रागावले तरी बहीण तुझीच, एवढे असू दे.

सुलोचना

नागरा, ता. ७ डिसेंबर १९३६

चि. सौ. सुलोचनाबाईस आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र वाचले आणि जेवण गेले नाही. आमगावला जाऊन शब्द परत घ्यावा म्हणून गाडी जुंपली. निघण्याआधी रुख्माला तुझे म्हणणे सांगितले. ती धान पाखडत होती. सूप खाली न ठेवताच म्हणाली की श्यामलालला ती भाऊच मानते. हे सांगायला दसऱ्याआधी दोनदा माझ्याजवळ आली होती; पोर लाजते आहे असे समजून मी हसून घालवले. केवलराम तिला पसंत आहे. मग तेव्हा नीट कायले बोलली नाहीस, असे विचारले, तर म्हणाली, मले कोणी विचारलंच कुठं.

बैल सोडून टाकले. आपण दोघे कशासाठी भांडलो, सांग. माझाच मला संताप येऊन राहिला.

हे पत्र तुला श्यामलालच वाचून दाखवेल, हे आत्ता ध्यानात आले. लिहिलेले खोडत नाही. बाबा श्यामलाल, तुझ्या मनात काय होते, हेही आम्ही कोणी विचारले नाही. मामाला स्वतःच्या हाताने दोन ओळी लिही.

लग्न माघात आहे. सुलोचना, दोन दिवस आधी ये. यायचे नसेल तर तसे उघड लिही, मी अंदाज बांधणार नाही.

तुझा भाऊ,
दुधराम