थंड करण्यासाठी तापवलेलं पाणी

युनोसावा, १२ नोव्हेंबर

प्रिय मिसाओ,

डोंगरमाथ्यावर पहिलं हिम उतरलं आहे आणि आपल्या वळचणीला मुळे वाळताहेत. तुझ्या वाटणीचं लोणचं दरवर्षीसारखं वेगळ्या पिंपात घालीन. गेली तीन वर्षं ते पाहुणेच संपवतात.

मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो. आपल्या सराईच्या चारही खोल्या भरलेल्या आहेत. शेजारच्या शिगेनो आजी एक्क्याण्णवाव्या वर्षीही पहाटे सगळ्यांच्या आधी आपल्या गरम झऱ्यावर आंघोळीला हजर असतात. परवा पाण्यात बसल्या बसल्या म्हणाल्या, "तोकुजी, तुझ्या बापाच्या पाण्याला गंधकाचा वास यायचा. तुझ्या पाण्याला पेट्रोल पंपाचा येतो."

"आजी, तुमचं नाक म्हातारं झालं."

"नाकच तेवढं तरुण राहिलंय."

रविवारी गावाची सभा आहे. तुझ्या कंपनीचा अर्ज पुन्हा आला आहे: जमिनीतल्या वाफेवर वीज करायची, त्याआधी तपासणीची एक विहीर खणायची. सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत, कारण तीन वर्षांपूर्वी मीच तो फेटाळायला लावला. माझं ते भाषण गावाला अजून पाठ आहे. "ज्या देशाकडे कोळसा नाही, तेल नाही, जो परक्यांच्या जहाजांची वाट बघत जगतो, त्याच्याकडे स्वतःची म्हणून एवढीच ऊब आहे, ही पायाखालची. आणि ती विकायला याच घरची मुलगी आली आहे." टाळ्या पडल्या. तू न जेवता शेवटच्या बसने गेलीस.

इथवर तुला ठाऊक आहे.

आपल्या झऱ्याचं पाणी एकसष्ट अंशांवर बाहेर यायचं. त्यात गार पाणी मिसळणं म्हणजे घराण्याला बट्टा. म्हणून लांब फळ्यांनी ते ढवळून ढवळून निववायचं, त्या तालावर आई गायची, आणि मग बाबा दारातल्या पाटीवर झऱ्याचा आकडा आणि त्याखाली आपलं नाव लिहायचे. त्या सभेच्या आदल्या वर्षी भूकंप झाला, तेव्हापासून पाणी उतरत गेलं. पन्नास. बेचाळीस. तू सभेला आलीस त्या दिवशी ते छत्तीस होतं, आणि तिथेच थांबलं आहे.

लाकडाच्या खोपटामागे मी बॉयलर बसवला आहे. दर गुरुवारी रॉकेलची गाडी येते. गावाला सांगतो, खोल्या गरम करायला लागतं. बेचाळीसपर्यंत तापवलं तरी पुरतं. पण मग फळी कशी मारणार? पाहुणे तोच आवाज ऐकायला दाराशी उभे असतात. म्हणून मी पाणी पंचावन्नपर्यंत तापवतो आणि अर्धा तास घाम गाळून थंड करतो. समुद्रापलीकडून आलेल्या तेलाची ऊब रोज सकाळी फळीने हवेत उधळतो. आणि दिवसभर लोकांना स्वावलंबन शिकवतो.

मला तुझ्या गिरमिटाची भीती नव्हती, मिसाओ. तुझ्या थर्मामीटरची होती.

हल्ली वाफेत उभा असताना वाटतं, पाणी गेलेलं नाही. खाली कुठेतरी कूस बदलून निजलं आहे, आणि बाबा त्याच्या उशाशी बसले आहेत. मी विचारतो, ते उठेल का? बाबा म्हणतात, मला काय विचारतोस, तिला विचार.

आणखी एक. त्या दिवशी सभेआधी तू स्नानघरात जाऊन आलीस, तेव्हा तुझी बाही कोपरापर्यंत ओली होती. झऱ्याच्या तोंडात हात घातल्याशिवाय बाही तशी भिजत नाही. म्हणजे तुला कळलं होतं. एका वाक्यात मला खाली बसवता आलं असतं. तू टाळ्या ऐकत उभी राहिलीस.

आज बॉयलर पेटवला नाही. फळी भिंतीला टेकवून ठेवली. शिगेनो आजी पाण्यात उतरल्या आणि इतका वेळ बाहेर आल्या नाहीत की मी पडद्याआडून हाक मारली.

"कोमट आहे," त्या म्हणाल्या. "पण झऱ्याचं आहे. जा आता, डोळा लागतोय माझा."

पाटीवर छत्तीस लिहिलं आहे. दुपारपर्यंत गावाने वाचलं असेल. रविवारी मी उभा राहून सगळं सांगणार आहे, आणि विहिरीला होकार देणार आहे. ते भाषण कोणी पाठ करणार नाही. खणल्यावर पाणी आणखी उतरलं तर लोक तुला दोषी धरतील. म्हणून आकडा तुझ्या गिरमिटाच्या आधी लिहून ठेवला.

तू आलीस तर पाणी कोमट मिळेल. जेवण मात्र गरम असेल. या वेळी जेवून जा.

पाटीखाली पहिल्यांदाच स्वतःचं नाव घातलेला,
तुझा दादा
तोकुजी