पेडल मऊ लागतं

सोमवार, ६ जानेवारी २०२५. दुपारी ३
ब्रेकमध्ये दोष आहे. आज नक्की झालं. हिला डायलिसिसला अलिबागला नेताना हॉस्पिटलच्या गेटपाशी पेडल मऊ लागलं, कापसावर पाय ठेवल्यासारखं. गाडी थांबली, पण शहाळेवाल्याच्या हातगाडीला टेकून. तो उगाच ओरडला. एकही शहाळं पडलं नव्हतं.

घाबरण्यासारखं काही नाही. खत कारखान्यात इन्स्ट्रुमेंट सेक्शनला एकतीस वर्षं काढली. अमोनियाच्या लाइनवरचे व्हॉल्व्ह या हातांनी लावलेत. हे तर एक पेडल. गुरुवारच्या आत दोष शोधणार. हिचा सोमवार-गुरुवार चुकवून चालत नाही आणि तिला नेणारा मी एकटाच.

हिला काही सांगितलेलं नाही.

मंगळवार, ७ जानेवारी. सकाळी ८
तपासणी सुरू. ब्रेक ऑइल फुल. लीक नाही. पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक.

आमची गाडी हायब्रिड, तिचं जरा वेगळं असतं. ब्रेक दाबला की आधी मोटर गाडीला अडवते आणि बॅटरी चार्ज करून घेते, खरे पॅड मागाहून लागतात. माझ्या मते या दोघांचं आपसात पटत नाहीये.

१०.३०. विशेष नोंद: डाव्या पायाने दाबलं तर पेडल जरा बरं लागतं. म्हणजे पेडल उजवीकडून झिजलेलं असणार.

संध्याकाळी ठाण्याहून मुलीचा, रुचिकाचा फोन. शुगरच्या गोळ्या घेता ना, पायाला मुंग्या यायच्या त्याचं काय झालं, वगैरे. म्हटलं, आता मुंग्याही येत नाहीत. एकदम बरा आहे.

गुरुवार, ९ जानेवारी
दोष सापडला नाही, पण जवळ आलोय. किहीम ते अलिबाग पंचवीसच्या स्पीडने नेली. मागे एसटीवाला हॉर्न मारून मारून थकला. इंजिनिअरिंगमध्ये याला खबरदारी म्हणतात.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये माझी एक चप्पल मागे राहिली. अर्ध्या वाटेवर हिच्या लक्षात आलं, मी अनवाणी चालतोय म्हणून. हल्ली चपला फार सैल करतात. कंपनीला पत्र लिहिणे.

शनिवार, ११ जानेवारी. सकाळी ९
लाइनमध्ये हवा असणार, दुसरं काही नाही. कारखान्यात हवा अडकली की व्हेंट उघडायचा, झालं काम. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय की हे काम कॉम्प्युटर जोडूनच करावं. कंपन्या असं लिहितातच.

मदतीला हिला घेतलं. ती सीटवर, मी चाकाशी पाना घेऊन. पहिल्यांदा दाबताच म्हणाली, अहो, हे दगडासारखं आहे, मऊ कुठंय? म्हटलं, तू कधी गाडी चालवलीस? मी सांगेन तसं दाबत राहिली. तिला धाप लागली होती.

१२.३०. पेडल थेट तळाला जातंय. आता हिलाही मऊ लागलं. म्हणजे माझंच म्हणणं खरं होतं.

सोमवार, १३ जानेवारी
गाडी बंद. रिक्षाने गेलो. परतताना प्रत्येक खड्ड्याला ती सुया काढलेला हात दुसऱ्या हातात घट्ट धरायची. वाटेत उलटी झाली. रस्त्याच्या कडेला तिची पाठ धरून उभा राहिलो. फार वाईट वाटलं. माफी मागायची होती. गुरुवारी गाडी तयार असेल, एवढंच बोललो.

बुधवार, १५ जानेवारी
चोंढीच्या हुझैफाने काल गाडी टो करून गॅरेजला नेली. मस्कतला दहा वर्षं काम करून आलाय. लॅपटॉप जोडून तासाभरात हवा काढली. आज मी दाबून बघितलं. कापूस! काम अर्धवट, असं तोंडावर सांगितलं.

तो गाडी मांडव्याच्या जेट्टीपर्यंत फिरवून आला. म्हणतो, काका, ब्रेक एकदम कडक हाय. पेडल न्हाय, तुमचा पाय दाखवाया पायजे. माझ्या अब्बांना शुगरनं असंच झालेलं, निखाऱ्यावर पाय पडला तरी कळला न्हाय. उद्या काकूंना मी नेतो.

म्हटलं, मेकॅनिकने गाडीपुरतं बोलावं. निश्चय: गॅरेज बदलणे.

गुरुवार, १६ जानेवारी. संध्याकाळी ५
हॉस्पिटलच्या दारात गाडी थांबवली. हिने दार उघडलं, एक पाय खाली ठेवला. माझा पाय ब्रेकवर होता. मला वाटलं, ब्रेकवर होता. बॅटरीवर असली की ही गाडी आवाज करत नाही. पुढे सरकतेय हे तिलाही कळलं नाही, मलाही नाही.

ती पडली. डाव्या हातावर. त्याच हातात फिस्तुला, डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेली शीर. तयार व्हायला तीन महिने लागले होते. डॉक्टर बराच वेळ हातावर बोटं ठेवून उभे होते. म्हणाले, बंद पडली. आता मानेतून नळी घालावी लागेल.

नंतर त्यांनी मला पलंगावर झोपवलं. डोळे मिटा, पायाला टोचलं की हो म्हणा. मी वाट बघत पडून राहिलो. शेवटी विचारलं, सुरू कधी करताय. ते म्हणाले, झालंसुद्धा.

सोमवार, २० जानेवारी
गाडी हुझैफाने चालवली. मी मागे बसलो. त्याने एकदाही विषय काढला नाही.

मशीन सुरू झाल्यावर हिने जवळ बोलावलं. मानेतल्या नळीमुळे हळू बोलत होती. म्हणाली, दिवाळीपासून कळत होतं. गाडीत बसले की पार्किंग ब्रेकच्या बटणावर हात ठेवूनच बसायचे. दोनदा गाडी मीच थांबवली, तुम्हाला वाटलं तुम्ही. उतरताना तेवढा हात सुटला.

विचारलं, मग बोलली का नाहीस. म्हणाली, गाडी हातातून गेली असती तर तुम्ही नुसते घरात बसून राहिला असता. ते मला बघवलं नसतं.

माझे पाय सुजलेत म्हणून नर्सने ते हिच्या पलंगाच्या कडेला वर ठेवायला लावले होते. तसाच बसून राहिलो. ही डोळे मिटून पडली होती. तासाभराने चहा आणायला उठू लागलो, तर नर्स म्हणाली, काका, सावकाश, काकूंचा हात आहे तुमच्या पायावर.

कधीपासून होता, मला माहीत नाही.