त्याच्या तीन श्वासांना माझा एक

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची! पाच वर्षं कंत्राटावर आज इथे तर उद्या तिथे अशी वणवण केल्यावर कायमची नोकरी, राहायला दोन खोल्या, आणि रुग्णालय इतकं जवळ की खिडकीतून दिसतं. आई भांडी लावता लावता म्हणाली, आता तरी तुझी चिडचिड कमी होईल. मी म्हटलं, बघू.

नवजात कक्ष म्हणजे एक लांबट खोली. चार वॉर्मर, म्हणजे बाळांना ऊब देणारे उघडे पलंग. त्यातले तीन चालतात. चौथ्याची कॉइल गेली आहे, त्यावर धुतलेली दुपटी ठेवतात. उरलेल्या तिघांवर सहा बाळं, एकाच्या डोक्याशी दुसऱ्याचे पाय. श्वासावर लक्ष ठेवणारं यंत्र एकच, आणि त्याच्या भोंग्यावर चिकटपट्टी, कारण ते उगाचच बोंबलतं. मग बाळाचा श्वास थांबलेला कळतो कसा, असं मी मोठ्या सिस्टरना विचारलं. तीस वर्षं त्या याच खोलीत आहेत; त्यांना सगळे, अगदी डॉक्टरसुद्धा, मोठ्या बाई म्हणतात. त्या हसल्या आणि म्हणाल्या, अगं, त्याच्याबरोबर श्वास घ्यायचा. त्याच्या तीन श्वासांना आपला एक. हात काय वाटेल ते करू देत. बाळ थांबलं की आपल्या छातीत अडखळतं, मग वळायचं आणि तळव्याला टिचकी मारायची. अपुऱ्या दिवसांची बाळं श्वास घ्यायला विसरतात, टिचकीने त्यांना आठवतं.

एक नियम मात्र आहे. एका बाळाला एका बाईने असं आपल्या श्वासात सलग दोन तासांवर धरायचं नाही, आलटून पालटून धरायचं. का, तर म्हणे सवय लागते. कोणाला, हे मी विचारलं नाही. भोंगा दुरुस्तीला टाकायला यांना काय होतं, याच विचारात होते.

बुधवार, ५

जमलं! दुधाच्या वाट्या उकळत होते, पाठ बाळांकडे, आणि अचानक छातीत ठेच लागल्यासारखं झालं. वळले तर दोन नंबरची चिमणी निळी पडत होती. एक टिचकी, आणि बाईसाहेब रागावून रडल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, लागलीस कामाला. मला लहान पोरीसारखा आनंद झाला.

दुपारी एक नवीन बाळ आलं. पूर्ण दिवसांचा, गुटगुटीत मुलगा, रडला की तिन्ही मजले जागे होतील असा. हा इथे कशाला, असं वाटलं. मग तो झोपला, आणि झोपल्याबरोबर त्याचा श्वास बंद. टिचकीने जागा झाला, श्वास सुरू. पुन्हा झोपला, पुन्हा बंद. त्याची आई कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करते, एकटीच आहे. ती मला विचारत होती की याला झोपूच दिलं नाही तर चालेल का. मोठ्या बाईंनी त्याचं नाव ठेवलं विसराळू.

शुक्रवार, ७

बालरोगतज्ज्ञ मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. आज त्यांनी विसराळूला झोपलेला आणि जागा, दोन्ही बघितला. म्हणाले, फार क्वचित आढळतं हे. जागेपणी सगळं ठीक, पण झोपेत मेंदू श्वासाचा हुकूमच देत नाही. यावर औषध नाही, झोपेत श्वास देणारं यंत्र हवं. ते मोठ्या रुग्णालयात आहे, पाच तासांवर. आमच्याकडे हाताने दाबायची रबरी पिशवी आहे. बाळ झोपलं की ती नाकातोंडावर धरायची आणि दाबत राहायची.

मी लगेच पाठवणीचा कागद पुढे केला. तर तिथे खाट रिकामी नाही. खाट मिळाली तर आमच्या रुग्णवाहिकेला चाक नाही. चाक आलं तर चालक रजेवर. इथे कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही! मंगळवारी बघू, असं म्हणून डॉक्टर निघून गेले. मी रागाने दुपटी इतकी जोरात झटकली की मोठ्या बाई म्हणाल्या, त्यांनी काय केलंय तुझं?

रविवार, ९

जोडीची सिस्टर प्रशिक्षणाला गेली. नवजात बाळांच्या काळजीच्या प्रशिक्षणाला! मोठ्या बाई ताप घेऊन घरी. बदली कोणी नाही. विसराळूची आई पिशवी दाबून दाबून उभ्याउभ्या पेंगत होती, तिला मी खाली झोपायला पाठवलं आणि सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत त्याला एकटीनेच धरलं. नियम मोडला, मान्य आहे. नियम करणाऱ्यांनी माणसं द्यावीत.

पण काय सांगू! दुपारी पाच नंबरच्या बाळाचं दूध उलटलं, मी पिशवी टाकून तिकडे धावले. परत आले तर विसराळू गाढ झोपेत, आणि छाती वरखाली होतेय. पिशवीशिवाय! तब्बल चाळीस मिनिटं. त्याची आई माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले.

सोमवार, १०

काल मी झोपले त्या सुमारापासून रात्रभर पिशवी लागली. सकाळी मी उठले त्याच सुमाराला तो झोपेत श्वास घ्यायला लागला. दुपारी जेवायला घरी गेले, तेव्हाही ठीक. घास घशात अडकून मला ठसका लागला, तेवढ्यात इकडे तो निळा पडला. परतल्यावर त्याच्या आईने वेळ सांगितली. तीच वेळ.

योगायोग म्हणून सोडून दिलं. मग सोडवेना. तो झोपलेला असताना मी श्वास रोखला. चार सेकंद.

तोही थांबला.

मी सोडला, त्यानेही सोडला. तीनदा करून बघितलं. चौथ्यांदा करायची हिंमत झाली नाही. म्हणजे मी झोपले की त्याला पिशवी, आणि मी जागी असले की त्याच्या झोपेतला श्वास माझा. मोठ्या बाईंना फोन केला.  त्यांनी विचारलं, किती तास धरलंस? मी बारा सांगितलं. त्या म्हणाल्या, लवकर पाठव त्याला. आणि फोन ठेवला.

मंगळवार, ११

डॉक्टरांनी त्याला दहा मिनिटं झोपेत बघितला आणि पाठवणीचा कागद फाडायला निघाले. म्हणे उत्तम श्वास घेतोय, माझंच निदान चुकलं, खाट उगाच अडवू नका. चार दिवस मोठ्या रुग्णालयाला फोन करत राहिले, आणि आता खाट मिळाली तर हे! मी सांगून बघितलं. ते माझ्याकडे असे बघत होते की मलाच दाखल करतील.

मग मी केलं. त्यांच्यासमोर, बाळाच्या उशाशी उभी राहून श्वास रोखला. पाच. दहा. तो निळा पडायला लागला. त्याची आई किंचाळली. डॉक्टर पिशवीकडे धावले, आणि मी तशीच उभी. त्यांनी सही करेपर्यंत थांबायचं असं ठरवलं होतं, पण तेवढा दम निघाला नाही.

सही झाली. उद्या किंवा परवा गाडी.

एका तान्ह्या जिवाचा श्वास मी मुद्दाम अडवला. त्याच्या आईला खरं सांगितलं नाही. सांगणारही नाही.

बुधवार, १२

गाडी आली नाही. चाक चुकीच्या मापाचं आणलं. आणणाऱ्याला मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पिशवी फाटली. दुसरी कुलूपबंद खोलीत, किल्ली ज्याच्याकडे तो बाहेरगावी. म्हणजे आता मी झोपायचंच नाही.

भिंतीला टेकत नाही. बसत नाही. आई डबा घेऊन आली, माझा चेहरा बघून म्हणाली, ही नसती उठाठेव तुझ्याच वाट्याला का? मी डबा बाजूला ठेवला. एक श्वास घेतला. त्याने तीन.

गुरुवार, १३

सकाळी नऊला गाडी निघाली. मला जाऊ दिलं नाही — कक्षात माणूस नाही म्हणून. नवी पिशवीही नाही. गाडी गेल्यावर मोठ्या बाई तापातच आल्या, मला घरी पिटाळलं. गाडी निघताना बाळाच्या आईला म्हटलं होतं, पोचलीस की फोन कर, यंत्र लागलं की फोन कर, बाकी मोठे डॉक्टर सांगतील तसंच करायचं.

घरात फेऱ्या मारतेय. आई डोळ्यांवर पाणी मारतेय. एक. एक. डुलकी लागली तर —

अडीच. छातीत काहीतरी झालं. श्वास आपोआप आत गेला. आपोआप बाहेर. घड्याळासारखा.

फोन! पोचले. यंत्र लावलं. वाचला बिचारा!

झोपते.

शुक्रवार, १४

चौदा तास झोपले. आई रात्रभर उशाशी होती. म्हणाली, किती एकसारखा श्वास गं तुझा, ऐकून भीती वाटली.

जिना पळत चढले. धाप लागली नाही. जोरात श्वास घ्यायला गेले — येत नाही. नाक-तोंड दाबून धरलं — छाती वर येतेच. मी थांबवते, ती थांबत नाही. मी घेते असं काही उरलंच नाही. यंत्र घेतंय.

साडेतीन. बाळाच्या आईचा फोन. खूश होती. चारला, तो झोपला की, मिनिटभर यंत्र बंद करून बघणार आहेत. स्वतःहून घेतो का ते. मी ओरडले, करू देऊ नकोस! ती म्हणाली, सिस्टर, तुम्हीच तर सांगितलं, मोठे डॉक्टर म्हणतील तसं करायचं.

तिकडच्या कक्षाला फोन. नातेवाईक आहात का? नाही? मग चौकशीची वेळ पाच ते सहा. ठेवला.

पुन्हा. ठेवला.

पुन्हा. मी सिस्टर आहे म्हटलं. फोन धरा म्हणाले, विचारून सांगतो. धरलाय. दुसऱ्या हाताने लिहितेय. आई विचारतेय काय झालं — थांब गं आई —

चारला दोन मिनिटं कमी. फोनमधून यंत्राचा आवाज येतोय. माझी छाती त्याच्याबरोबर — अहो, कोणी आहे का — विचारताय ना —

कोणीतरी बोलतंय. झोपला म्हणतायत. झोपला, झोपला, आता बंद क